मागची सीट

कान तपासायच्या आमच्या खोलीविषयी आत बसणाऱ्या प्रत्येकाचा एक गैरसमज होतो. जाड दार लागलं, रबराची पट्टी चौकटीला घट्ट बसली, की बाहेरचा पंखा, फोन, रांगेतली कुरकुर सगळं एकदम तुटतं. माणसाला वाटतं, बाहेरचं आत येत नाही तर आतलंही बाहेर जात नसणार. तसं नसतं. आतला माइक सतत चालू असतो, कारण पेशंट 'आला', 'नाही आला' म्हणतो ते मला हेडफोनमध्ये ऐकावं लागतं. बटण आहे ते माझ्या बोलण्यासाठी. मी बोट उचललं की माझा आवाज बंद होतो, त्यांचा नाही. पण काचेपलीकडून त्यांना एवढंच दिसतं, की साहेबांनी बोट उचललं, आणि माणसं मोकळी होतात. कुणी पुटपुटतं, कुणी गाणं म्हणतं, कुणी पादतं, कुणी मला शिव्या घालतं. इतकी वर्षं मी हे ऐकत आलो आणि मशीन बंद केलं की विसरत आलो. घरी कधी बोललो नाही. बोलण्यासारखं त्यात होतं काय? त्यामुळे कान तपासणाऱ्याची बायको असूनही माझ्या बायकोला हे ठाऊक नव्हतं.

शनिवारी डायलिसिस उरकल्यावर दुपारी सासऱ्यांना तपासायला आणलं होतं. किडन्या गेल्या तेव्हापासून त्यांचे कानही मंदावले होते, आणि कानात यंत्र बसवायचं तर आधी मोजमाप हवं. बंद खोलीत एकट्याला नको वाटतं म्हणाले, म्हणून बायको शेजारी स्टुलावर बसली. डावा कान झाला. मी बोट उचलून आलेख नीट करू लागलो. "दमलात का बाबा?" तिनं त्यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं. "नाही गं," ते म्हणाले. मग, आपला आवाज किती मोठा आहे याचा अंदाज नसलेल्या माणसासारखं, स्पष्ट म्हणाले, "तुला एक सांगू? जावयांना माझी किळस येते." "काहीतरीच काय बाबा!" "अगं, मला राग नाही. गाडीत मी बसलो की ते तोंडानं श्वास घेतात. सिग्नलला काच खाली करतात आणि बाहेर काहीतरी बघायचं असल्यासारखं करतात. बाहेर काही नसतं." मी मान वर केली नाही. काचेतून बायको माझ्याकडे बघत असणार हे मला डोक्याच्या कातडीला कळत होतं. "माहीत आहे मला," ती शेवटी म्हणाली. "पण करतोय ना तो? करतोय तोवर करू दे." मी बटण दाबलं. "आता उजवा कान," मी म्हटलं. माझा आवाज अगदी नेहमीसारखा होता, आणि त्याचाही मला वीट आला.

करतोय तोवर करू दे. हे वाक्य पुढचे काही दिवस माझ्या टाळूला चिकटून बसलं. म्हणजे घरात हे ठरलेलं होतं. माझी किळस घरातल्या गळक्या नळासारखी सगळ्यांना माहीत होती आणि तिच्याखाली बादली लावून मंडळी निवांत होती. मी मात्र समजत होतो, आपण केवढं लपवलंय. आठवड्यातून तीनदा त्यांना डायलिसिसला न्यायचं, आणायचं, मागचं दार उघडून धरायचं, "सावकाश, बाबा" म्हणायचं. या 'सावकाश'मध्ये मी किती मध ओतत असे! आणि बसवत नाही म्हणून ते मागच्या सीटवर आडवे झाले की गाडीत तो वास पसरायचा. वास कसा ते सांगता येत नाही, असं म्हणणं सोपं आहे. मला सांगता येतो. न धुतलेल्या मुतारीवर कुणी ओलं लोखंड घासावं तसा तो वास होता, आणि त्याच्या तळाशी काहीतरी गोडसर. त्यांच्या तोंडाला तो यायचा, घामाला यायचा, ते उतरून गेल्यावर सीटच्या कापडाला यायचा. अंग खाजवून खाजवून कातडीचे पांढरे कण सीटवर पडलेले असायचे. ते मी घरी आल्यावर ब्रशनं झाडायचो, बायको वर गेली की. एकदा त्यांनी दंडावर फुगलेली ती शीर माझ्यापुढे केली होती, जिच्यात मशीनच्या सुया खुपसतात. "हात लावून बघा," ते एखाद्या पोराच्या उत्साहानं म्हणाले, "आत वीज आहे." मी हात लावला. कातडीखाली गुणगुण चालली होती, जिवंत, माशी अडकल्यासारखी. "वा," मी म्हटलं. मग मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुतले आणि नखं कापली.

आणि गंमत अशी, की माझा धंदाच घाणीचा आहे. लोकांच्या कानात मी दिवसभर डोकावतो. मळ, बुरशी, पू, केसांची जाळी, एकदा तर मेलेलं झुरळ. यंत्राचा साचा घेण्यासाठी कानात मऊ लगदा भरतो, तो घट्ट झाला की ओढून काढतो, आणि त्यावर जे काही चिकटून येतं ते पुसत पुसत पेशंटशी हवापाण्याच्या गप्पा मारतो. कधी पोटात ढवळलं नाही. मग एकाच म्हाताऱ्याची एवढी शिसारी का? मी पुष्कळ विचार केला. दवाखान्यातली घाण पाच वाजता संपते, एवढंच उत्तर सापडलं. हातमोजे काढले, कचऱ्यात टाकले, झालं. या माणसाला हातमोजे घालून आणता येत नव्हतं. शिवाय लहानपणी किळस हीच माझी हुशारी समजली गेली होती. कुणाच्या उष्ट्या पेल्यातून मी पाणी प्यायचो नाही, पाहुण्यांनी वापरलेली उशी घ्यायचो नाही, आजारी काकांच्या खोलीत पाऊल ठेवायचो नाही. आई कौतुकानं चारचौघांत सांगायची, "ह्याला बाई फार स्वच्छ लागतं सगळं." सगळे माझ्याकडे आदरानं बघायचे. माझ्या वडिलांनी तर मला काही करायची वेळच आणली नाही; दूरच्या गावी, कुणाच्या तरी इस्त्री केलेल्या चादरीवर, एका दमात गेले. मी पोचलो तेव्हा सगळं पुसून ठेवलेलं होतं. आता वाटतं, माणसाला निदान एकदा तरी सवय व्हायला हवी होती.

त्यांना मशीनला जोडलं की चार तास माझ्या हातात असायचे. बायकोची समजूत, मी बाहेरच्या बाकावर बसून असतो. सुरुवातीला बसायचोही. पण त्या बाकावर सगळे माझ्यासारखेच, कुणाचे तरी जावई, मुलगे, सुना, हातात डबा आणि तोंडावर ती सहनशील कळा. आरशात बघितल्यासारखं व्हायचं. शनिवारनंतरच्या मंगळवारी मी उठलो आणि रस्त्यानं चालत सुटलो. डायलिसिसच्या दवाखान्यामागे गॅरेजांची गल्ली आहे, तिच्या टोकाला जुन्या गाड्या विकणाऱ्याचं पत्र्याचं आवार. तिथे ती उभी होती. दोन दारांची, जमिनीला टेकलेली, जांभळी. मला गाड्यांतलं फारसं कळत नाही. आमची गाडी राखाडी, चार दारांची, कुणाच्या लक्षात राहणार नाही अशी. पार्किंगमध्ये मलाच सापडत नाही. आणि ही अशी, की बघितल्यावर प्रथम लाज वाटली. मागे पाठीवर भलामोठा पंख, चाकांना सोनेरी जाळी, पुढच्या जबड्याला कापून मोठं केलेलं तोंड. बघून मला मळमळलं, अगदी खरोखर. तरी मी आवाराचं फाटक ढकलून आत गेलो.

विकणारा खुर्चीवर पाय घेऊन बसला होता आणि पायाच्या बोटांच्या फटीतलं काहीतरी काढत होता. तेच बोट त्यानं गाडीवर ठेवलं. "एकाच हातातली आहे, साहेब. शौकीन माणूस होता. पोटाला चिमटा काढून हिला खाऊ घालायचा." शौकीन माणसानं काय काय केलं होतं ते जवळून दिसलं. जांभळा रंग नव्हताच, प्लास्टिकचा कागद चिकटवला होता; दाराच्या कडेला तो सुटून गुंडाळला गेला होता आणि खालून मूळचा पांढरा पत्रा जखमेसारखा दिसत होता. डॅशबोर्डला भोकं पाडून घड्याळं बसवलेली, मग ती काढलेली, मग भोकं कसल्याशा लांबीच्या लगद्यानं बुजवलेली. लांबीवर अंगठ्याचा ठसा राहिला होता. स्टेअरिंग बदलून लहान केलेलं, त्यावरचं मखमली कापड हातांच्या तेलानं काळं आणि तुळतुळीत. लाल सीटच्या शिवणीत एक लांब केस अडकला होता. मी तो ओढला तर संपेना. येत राहिला, येत राहिला, आणि मग तुटला. आत सुगंधी फवाऱ्याचा इतका दाट वास होता, की त्याच्याखाली काय दाबलंय याचाच विचार डोक्यात यावा. एका परक्या माणसाच्या सगळ्या हौशी तिथे वाळून चिकटलेल्या होत्या. "बसा ना," विकणारा म्हणाला. मी बसलो. सीटनं मला दोन्ही बाजूंनी कंबरेत धरलं, आणि ती पकड कोमट वाटली. कोणी आत्ताच उठून गेल्यासारखी.

"मागचं काय झालं?" मी आरशात बघून विचारलं. मागे सीट नव्हती. तिथे प्लायवूडचं खोकं होतं, त्यावर करड्या रंगाची केसाळ चटई ठोकलेली, आणि चटईत दोन मोठाले स्पीकर. "काढून टाकली, साहेब. स्पोर्ट्स गाडीला मागची सीट कशाला? बसवायचं कुणाला?" तो हसला. मीही हसलो. आणि मला आत कुठेतरी इतकं हलकं वाटलं, की मी दचकलोच. बसवायचं कुणाला! किती साधा प्रश्न होता. विकणाऱ्यानं किल्ली फिरवली. सायलेन्सर कापलेला, त्यामुळे आवारातला पत्रा थरथरला, माझे दात थरथरले, छातीत काहीतरी सुटं झालं. दिवसभर मी सुईच्या टोकाएवढे आवाज माणसांच्या कानात टाकतो आणि ते आले की नाही हे विचारत बसतो. इथे विचारायचं कारणच नव्हतं. "तुमची जुनी गाडी दिलीत तर वर थोडेच द्यावे लागतील," तो ओरडून म्हणाला. स्वस्त होती, ही गोष्ट खरी. स्वस्त असायलाच हवी होती. अशी गाडी महाग मिळाली असती तर मी माझ्याच थोबाडीत मारून घेतली असती.

मी स्वतःला पुष्कळ कारणं दिली. पन्नाशीला आलो, कधी काही केलं नाही, मन मारून जगलो, एकदा तरी, वगैरे. आरशात दाढी करताना ही कारणं म्हणून बघितली तर ती त्या जांभळ्या कागदासारखी कडेला सुटायची. मला वेग नको होता. घाटात एका ट्रकलाही मागे न टाकता मी त्याच्यामागे रांगत जातो. मला ती सोनेरी चाकंही नको होती, त्या चाकांची मला आजही किळस येते. मला पाहिजे होतं ते खोकं. ती केसाळ चटई. एकदा ती गाडी दारात आली, की सगळं आपोआप झालं असतं. 'नाही' हा शब्द उच्चारायची वेळच आली नसती. गाडीतच जागा नाही, त्याला मी काय करू? हे लक्षात आलं तेव्हा मी बेसिनमध्ये थुंकलो. तरी गुरुवारी पुन्हा त्या आवारात गेलो, आणि मोबाइलवर फोटो काढून आणले.

जेवण झाल्यावर बायकोला फोटो दाखवला. ती बँकेत काउंटरवर बसते. खोटी नोट तिला बोटांनाच कळते. फोटो तिनं दोन बोटांनी मोठा केला, पंख बघितला, चाकं बघितली, मग गाडीच्या मागच्या काचेवर थांबली. "ही?" ती म्हणाली. "अरे, हिच्यात बाबा आडवे कुठे होणार?" "टॅक्सी लावू आपण कायमची. ठरवून. वेळेवर येणारे असतात. त्यांनाही बरं, मोकळंढाकळं." सगळं मी पाठ करून आलो होतो. सासऱ्यांच्या खोलीतून टीव्हीचा मोठा आवाज येत होता, आणि ते खाजवत होते तेही मला त्या आवाजातून ऐकू येत होतं, माझे कान फार चांगले आहेत. "घे," ती म्हणाली. "तुझी कमाई आहे. मी अडवणार नाही." मला वाटलं सुटलो. मग तिनं मोबाइल माझ्यापुढे सरकवला, बोटानं नव्हे, उलट्या हातानं. "पण बाबांना मी नाही सांगणार. तू सांगायचं. त्यांना ऐकू जाईल असं सांगायचं." आणि ती ताटं उचलून आत गेली. तिच्या पाठीकडे बघून मला कळलं, तिलाही आता कशाची तरी किळस येत होती, आणि ती कशाची हे विचारण्यात अर्थ नव्हता.

शनिवारी सासऱ्यांना मशीनला जोडून मी गाडी घेऊन आवारात गेलो आणि म्हटलं, एक फेरी मारून बघतो. ठरवून टाकायचं होतं. विकणारा बरोबर येणार होता, पण तेवढ्यात त्याचं दुसरं गिऱ्हाईक आलं. "न्या तुम्ही. तुमची गाडी ठेवा इथे, जाता कुठे!" मी माझ्या गाडीची किल्ली त्याच्या त्या हातात ठेवली आणि जांभळी बाहेर काढली. गल्लीतल्या प्रत्येक गतिरोधकावर तिचं पोट खरवडत होतं. फुटपाथवरचे लोक वळून बघत होते आणि त्यांच्या नजरेत कौतुक नव्हतं, माझ्या वयाचा हिशेब होता. तरी मी सुखात होतो. आतला वास नाकात मावत नव्हता, माझ्या बाजूची काच खाली होत नव्हती, मागच्या खोक्यातून सायलेन्सरचा धूर गळून आत येत होता, आणि मी सुखात होतो. कुणाला सांगून खरं वाटणार नाही. मोठ्या रस्त्याला लागलो तोच फोन वाजला. डायलिसिसच्या सिस्टर. "तुम्ही बाहेर बाकावर नाही आहात? बाबांचं बीपी उतरलंय. आज मशीन लवकर थांबवलं. घरी नेऊन झोपवा, आणि लगेच या, ते खाली येऊन बसलेत, ऐकत नाहीत." गाडी बदलून आणायची तर आवार उलट्या दिशेला. मी तसाच दवाखान्यात शिरलो. आवाजानं वॉचमन धावत आला. "अहो, आजारी माणसं आहेत इथे! लाज बाळगा!" पायरीवर बसलेल्या सासऱ्यांनी मात्र मान वर केली, गाडीकडे बघितलं, मला बघितलं, आणि हात वर केला.

त्यांना माझ्या शेजारच्या सीटमध्ये घालणं हे एक कामच झालं. ती इतकी खाली, की त्यांचे गुडघे वाकेनात. मी त्यांच्या काखेत हात घालून, छातीला छाती लावून त्यांना सोडत सोडत खाली नेलं. त्यांच्या गालाचे खुंट माझ्या मानेला घासले. दंडावरची पट्टी सुटून कापूस माझ्या शर्टाला चिकटला, त्यावर रक्ताचा ठिपका. मी दार लावलं, वळसा घालून आलो, तोंडानं श्वास घेत बसलो. त्यांच्या लक्षात आलं असणारच. "हिचा आवाज येतो मला, बरं का," ते निघाल्यावर म्हणाले. खर्जातलं त्यांना अजून ऐकू येतं, आलेख माझ्याच हातचा होता. "मुलीचा नाही येत. हिचा येतो." मग ते इकडेतिकडे बघू लागले. बुजवलेल्या भोकांवरून बोट फिरवलं. सगळा जन्म त्यांनी पाणी शुद्ध करायच्या केंद्रात काढला होता. रोज सकाळी पेला नाकाशी धरून पाणी हुंगायचं, हे त्यांच्या कामातच होतं. आता त्यांनी नाक वर करून एकदा हुंगलं. मग कष्टानं मान वळवून मागे बघितलं. चटई, स्पीकर. बराच वेळ मान तशीच ठेवली. मी रस्ता बघत होतो. हीच वेळ होती. बाबा, आता टॅक्सी ठरवू या, एवढं वाक्य होतं, आणि ते मला ओरडून म्हणावं लागणार होतं. मी तोंड उघडलं. त्यात धूर, अत्तर, आणि तो वास, तिन्ही एकदम शिरले, मागे जायला जागा नसल्यासारखे घशातच बसले. गाडी कशीबशी कडेला घेतली. दार उघडायला गेलो तर त्या सीटनं कंबर सोडली नाही. मी ओकलो. थोडं बाहेर, बरंचसं माझ्या मांडीवर, त्या काळ्या मखमली स्टेअरिंगवर.

पहिली जाणीव झाली ती कपाळावरच्या हाताची. कोरडा, खरखरीत हात, घट्ट. लहान मुलाचं डोकं धरतात तसं त्यांनी माझं डोकं धरलं होतं, आणि दंडावरची ती शीर माझ्या कानाशी आली होती. गुणगुण चालू होती. "होऊ दे," ते म्हणत होते. "आलं ते येऊ दे. मध्ये थांबवू नका." माझं झाल्यावर त्यांनी खिशातून रुमाल काढला, माझं तोंड पुसलं, हनुवटी पुसली, रुमालाची घडी उलटून स्टेअरिंग पुसलं. घाई नाही, तोंड वाकडं नाही. मला स्वतःचाच वास येत होता, आंबट, ओला, आणि या माणसाच्या चेहऱ्यावर त्याचा मागमूस नव्हता. मला त्यांचा राग आला. इतका राग मला त्यांचा कधीच आला नव्हता. त्यांनी रुमाल घडी घालून परत खिशात ठेवला, खिशात! आणि विचारलं, "माझ्यामुळे का?"

इंजिन बंद पडलं होतं. रस्त्यावर रहदारी होती, पण लांबची वाटत होती. गाडीमुळे, म्हणता आलं असतं. अत्तरामुळे, धुरामुळे, आणि ते खोटंही नव्हतं. "हो," मी म्हटलं. अगदी हळू. "काय?" "हो," मी म्हटलं. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. "हो! तुमच्यामुळे!" मी ओरडलो. "वास येतो मला तुमचा! सहन होत नाही! म्हणून ही गाडी बघतोय! मागे सीट नाही म्हणून! तुम्हाला टॅक्सी लावणार होतो!" फुटपाथवरून जाणारी एक बाई पिशवी छातीशी धरून थबकली आणि मग भराभर निघून गेली. मी स्टेअरिंग धरून बसलो. बायकोनं सांगितलं होतं तसं, ऐकू जाईल असं सांगून झालं होतं.

"एवढं ओरडायला नको होतं," सासरे म्हणाले. "पहिला 'हो'च ऐकू आला होता." त्यांनी पुढच्या काचेतून बाहेर बघितलं. मला वाटलं आता ते म्हणतील, घ्या गाडी, माझं काय, मी आपला टॅक्सीनं जाईन. पुस्तकातली म्हातारी माणसं म्हणतात तसं. म्हणाले असते तर मी घेतली असती. बायको बोलली नसती, ते बोलले नसते, आणि घरातली बादली तेवढी बदलली असती. ते तसं म्हणाले नाहीत. दंडाची सुटलेली पट्टी दुसऱ्या हातानं गुंडाळत राहिले, ती पुन्हा पुन्हा सुटत होती. शेवटी पट्टीचं टोक त्यांनी माझ्यापुढे केलं. मी ते खोचलं. "मला नाही जमायचं टॅक्सीनं," ते म्हणाले. "परक्या माणसाच्या गाडीत चक्कर आली तर तो मला कुठे उतरवेल, कुणाला कळवेल, मला भीती वाटते. मुलीला हे सांगितलं नाही. तिला रडू येईल. ही गाडी परत देऊन टाका. किळस येते तर येऊ दे, मी काही म्हणणार नाही. पण मंगळवारी तुम्हीच या."

त्यांच्या आवाजात विनंती नव्हती, माझ्यावर उपकारही नव्हते. माणूस आपली भाकरी पुढे ओढून घेतो तसं ते होतं. माझ्या मांडीवरचं ओलं आता गार पडलं होतं. विकणाऱ्याच्या त्या हातातून माझी किल्ली परत घ्यायची होती, सीट धुऊन द्यावी लागणार होती, तो चार शब्द ऐकवणार होता. आणि मंगळवार. आणि त्यानंतरचा गुरुवार. मला त्यांची किळस येतच होती, तशीच, तसूभर कमी न झालेली.

"बरं," मी म्हटलं. पुटपुटल्यासारखं, मलाही धड ऐकू न येईल असं. त्यांनी 'काय' म्हणून विचारलं नाही.